नारळ आणि पोरगी

तुळशीचं लग्न उरकलं की माझा फोन वाजायला लागतो. मी पन्हाळा आणि करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली, आता रिटायर होऊन कोल्हापुरात राहते, आणि ज्या पोरांचा हात धरून मी पहिलीत ग म भ न गिरवून घेतलं त्यांच्या आया मला फोन करतात. "बाई, तुमच्या वळखीत एखादं स्थळ बघा की आमच्या दाद्याला. आमाला काय बी नको, नारळ आणि पोरगी द्या म्हणावं, दोन्हीकडचा खर्च आमीच करतो."

हुंडा नको म्हणतायत म्हटल्यावर खरंतर आनंद व्हायला हवा. मला होत नाही. कारण याच घरांतल्या बायकांनी पंचवीस वर्षांपूर्वी काय सोसलंय ते मी जवळून पाहिलंय, आणि कधीकधी तर ती फोनवरची आई स्वतःच त्यातली एक असते.

आमच्या हजेरीपटावर तेव्हा आधी मुलग्यांची नावं आणि खाली मुलींची अशी पद्धत होती. साधारण २००२ नंतर पहिलीचे जे वर्ग आले त्यात मुलग्यांची नावं पानभर चालायची आणि मुलींची वीतभर जागेत संपायची. केंद्राच्या क्रीडास्पर्धा आल्या की मुलींच्या खो-खोला नऊजणी जमवताना जीव मेटाकुटीला यायचा, वरच्या वर्गातल्या पोरी मागून आणायच्या, आणि मुलग्यांचे मात्र दोन संघ होऊन वर पोरं रडत बाहेर बसायची. तेव्हा बोलायचे लोक की मुली इंग्लिश मीडियमला गेल्या असतील. पण ते उलटं होतं ना. इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत मुलग्याला बसवायचे आणि मुलीला झेडपीच्या शाळेत पाठवायचे, म्हणजे आमच्याकडे मुली जास्त दिसायला हव्या होत्या. त्या कुठेच गेल्या नव्हत्या. त्या आल्याच नव्हत्या.

जनगणनेचे आकडे सांगते. ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे किती मुली, हे ते मोजतात. निसर्गाच्या हिशोबाने साडेनऊशेच्या आसपास हव्यात. कोल्हापूर जिल्ह्यात १९९१ ला ९३१ होत्या, २००१ ला झाल्या ८३९. दहा वर्षांत ब्याण्णवची घसरण. त्या साली सगळ्या महाराष्ट्राचा आकडा ९१३ होता, म्हणजे आपण राज्यापेक्षा कितीतरी खाली, पार तळाला. पन्हाळा तालुका तर आठशेच्याही खाली गेला होता. ज्या मातीत शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, दर जूनमध्ये आपण ज्यांच्या नावाने छाती फुगवून बोलतो, त्या मातीत हे झालं.

आणि हे गरिबीतून झालेलं नाही हे नीट समजून घ्यायला पाहिजे. कोल्हापूर म्हणजे ऊस, साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, फाउंड्री, घरटी मोटारसायकल. पैसा आला, रस्ते झाले, तालुक्याच्या गावी दवाखाने झाले आणि त्या दवाखान्यांत सोनोग्राफीची मशीन्स आली. पोटातलं बाळ नीट वाढतंय का हे बघायचं मशीन, किती बायकांचे जीव त्याने वाचवले असतील, पण त्याचाच वापर दुसऱ्या कामाला झाला. "चेक करून घेतलं" एवढंच बोलायचे बायका, काय चेक केलं ते कोणी विचारायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लहान कुटुंब. ही गोष्ट बोलताना लोक बिचकतात, पण बोलायला हवी. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, हम दो हमारे दो, हे सगळं चांगल्यासाठीच होतं आणि त्याने बायकांच्या तब्येतीचं भलंच झालं, माझ्या आजीची अकरा बाळंतपणं झाली होती, मला ते दिवस परत नकोत. पण मुलगा हवाच ही इच्छा तशीच ठेवून मुलांची संख्या तेवढी कमी केली की काय होतं ते साध्या गणिताने कळतं. चार मुलं होत होती तेव्हा चारही मुलीच असण्याची शक्यता सोळात एक. दोनच मुलं म्हटल्यावर दोन्ही मुली होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे दर चार घरांतल्या एका घराला मुलगा नाही, हे निसर्गाचंच गणित आहे, आणि त्या एका घराने ते मान्य करायचं की मशीनकडे जायचं हा प्रश्न त्या घरावर सोडला गेला. पुढे राज्याने १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही असा नियम लागू केला. २००१ च्या आकड्याला तो नियम कारण नव्हता, कारण ती घसरण आधीच झाली होती, पण गावच्या राजकारणातल्या माणसाला दोनच्या आत मुलगा बसवायचा दबाव त्याने वाढवला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. धोरण करणाऱ्यांनी मुलं किती हा आकडा पाहिला, त्या आकड्याच्या आत घर काय करेल हे पाहिलं नाही.

कायदा नव्हता असंही नाही. गर्भलिंग निदानावर देशात सगळ्यात आधी, १९८८ ला, कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ पासून. आता बघा, २००१ च्या जनगणनेत जी ० ते ६ वयाची पोरं मोजली गेली ती १९९४ ते २००१ मधली. म्हणजे कायदा हजर असताना जन्मलेली, आणि त्यांच्या ज्या बहिणी जन्मल्या नाहीत त्याही कायदा हजर असतानाच. २००० साली सेहत, मासूम या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज कायदा राबवा म्हणून सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा कुठे सरकारं हलायला लागली, २००३ ला कायदा कडक झाला.

त्या वर्षांत आमच्या गावात एक बाई होती, दोन मुलींची आई. शाळेत पोरींना सोडायला यायची. मधेच आठ-पंधरा दिवस दिसायची नाही, मग यायची ती चेहरा पांढराफटक पडलेला, ओठ सुकलेले, व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहायची. "अंगावरनं जातंय बाई लई" म्हणायची. असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला, गावभर पेढे वाटले. त्यानंतर ती बाई कधी ताठ चाललेली मला आठवत नाही. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, ५४ टक्के, त्याला शंभर कारणं असतील, पण त्यात हे कारण कोणी स्वतंत्र मोजलेलं मी वाचलेलं नाही. २०१७ च्या मार्चमध्ये शेजारी मिरज तालुक्यात म्हैसाळला ओढ्याजवळ १९ अर्भकं पुरलेली सापडली. तेही कशामुळे उघड झालं, तर गर्भपात करताना एका तरुण बाईचा जीव गेला म्हणून. तिचा जीव गेला नसता तर?

आता ती ८३९ वाली पिढी पंचविशी-तिशीत आली. आडसाली उसाला दीड वर्ष लागतं तोडीला यायला, याला पंचवीस वर्षं लागली, एवढाच फरक. गावागावात तिशी ओलांडलेली अविवाहित पोरं आहेत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात नवरदेवांचा मोर्चा निघाला होता, घोड्यावर बसून, बँड लावून, मुंडावळ्या बांधून कलेक्टर कचेरीवर. लोकांनी व्हिडिओ बघून टिंगल केली. पण त्या मोर्चाची मागणी काय होती, तर गर्भलिंग निदानाचा कायदा नीट राबवा. टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते ऐकलं देव जाणे.

सगळा दोष मुलींच्या संख्येवर टाकायचा नाही, शेतकरी नवरा नको ही तक्रार पण खरी आहे, दोन एकर उसावर आणि दोन म्हशींवर संसार ओढायची पाळी मुलीवर येते हे तिला दिसतं, तिने का हो म्हणावं. पण पुण्यातल्या नोकरीवाल्याला मुलगी मिळाली की गावातल्या कुणाच्या तरी वाटची गेली, कारण मुळात भांडंच अपुरं आहे. आणि सगळ्यात शेवटी उरतो तो सगळ्यात कमी जमीन असलेला, कमी शिकलेला. ज्यांच्याकडे मशीनपर्यंत जायला पैसा होता त्यांनी केलेल्या कामाची किंमत बऱ्याचदा ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांची पोरं मोजतायत.

या अशा पोरांचं आणि गुन्हेगारीचं नातं काय यावर जगात अभ्यास झालेत. चीनमध्ये एका मुलाच्या धोरणाने मुलींची संख्या आपल्यासारखीच घसरली. तिथल्या १९८८ ते २००४ च्या प्रांतवार आकड्यांवर अर्थतज्ज्ञ लीना एडलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं, त्यांचं म्हणणं असं आलं की त्या काळात गुन्हे जेवढे वाढले त्यातला साधारण सातवा हिस्सा जादा पुरुषसंख्येने समजावता येतो. आपल्याकडे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २००० साली जिल्हावार खुनांचा अभ्यास मांडला, ज्या जिल्ह्यांत बायकांचं प्रमाण चांगलं तिथे खून कमी असं ठळक दिसलं. पण त्यांनी प्रामाणिकपणे हेही म्हटलंय की बायका कमी म्हणून खून जास्त, की खून जास्त म्हणून बायका कमी, ते सांगणं अवघड. जिथे भांडणं, मारामाऱ्या, जमिनीचे वाद जास्त तिथे लोकांना घरात दांडगे मुलगे हवेसे वाटतात, असंही असू शकतं. मला आमच्याकडच्या बांधाच्या भांडणांवरून हे पटतं. "चार पोरं असली की बांध सरकत नाही" हे मी पारावर ऐकलंय.

आणि एक गोष्ट उलटी पण दिसते ती झाकून ठेवणार नाही. देशातलं खुनाचं प्रमाण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून कमी होत आलंय, २०२२ ला लाखामागे २.१ होतं, तेव्हाच्या निम्म्याहून कमी. म्हणजे मुली घटल्या म्हणून गल्लोगल्ली मुडदे पडले असं झालेलं नाही. म्हणून अविवाहित पोरांकडे संशयाने बघायची जी एक पद्धत पडतेय, कट्ट्यावर बसलेला तिशीचा पोरगा म्हणजे धोका, ती मला अजिबात मान्य नाही. ती माझी पोरं आहेत. त्यातला एक दोन्ही वेळचं दूध डेअरीला घालून मधल्या वेळेत एमआयडीसीत कामाला जातो, घरी साठी ओलांडलेली आई गुडघे धरून अजून धारा काढते, आणि तो लग्नाकार्याला जायचंच टाळतो कारण तिथे प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो. रात्री झोप लागत नाही बाई, म्हणाला मला. हा गुन्हेगार नाही. याच्या आरोग्याचा रकाना मात्र कुठल्याच योजनेत नाही.

गुन्हे वाढलेत ते वेगळ्या जागी, जिथे फिर्याद द्यायला माणूस लाजतो. लग्न जमवून देणारे एजंट निघालेत, लाख-दोन लाख घेतात, परजिल्ह्यातली परराज्यातली मुलगी आणतात, देवळात माळा घालतात, आणि पंधरा दिवसांत मुलगी दागिने घेऊन गायब. पेपरात अशी बातमी आली की सगळे "लुटारू नवरी" म्हणून मोकळे होतात. त्या मुलीला कोणी आणलं, तिच्या घरी काय दिलं, ती स्वतःहून आली का, हे कोण विचारतं? आणि ज्या पळून गेल्या नाहीत, खरंच नांदायला राहिल्या, त्यांना भाषा येत नाही, माहेर शेकडो किलोमीटर लांब, मारलं तर सांगायचं कोणाला. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत बायकांवरच्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा हिस्सा, ३१ टक्क्यांहून जास्त, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा आहे. घरातला गुन्हा. आणि हा नोंदवलेला आकडा.

मला वाटायचं, आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना वाटायचं, की मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल. बाजारात कांदा कमी आला की भाव चढतो ना. पण भाव मिळतो तो विकणाऱ्याला, कांद्याला नाही. दारात मागणी घालणारे वाढले तसे बाप घाबरायला लागले. बारावीतली हुशार पोरगी, कॉलेजला एसटीने जाणारी, कोणीतरी पाठलाग केला म्हणून तिचं कॉलेज बंद, आणि दोन महिन्यांत नारळ-पोरगीवर लग्न, कारण "चांगलं स्थळ स्वतःहून आलंय, खर्च पण नाही". पाठलाग करणारा पोरगा गावातच, मोबाईल घेऊन, मोकळा. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या साधारण २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. मग कोवळ्या वयात बाळंतपण, कमी वजनाचं मूल, परत रक्त कमी. हे चक्र आमच्या अंगणवाडी ताईंना पाठ आहे.

कोल्हापुराने काही केलं नाही असं मात्र कोणी म्हणू नये. २०१० च्या सुमाराला तेव्हाचे कलेक्टर लक्ष्मीकांत देशमुख यांनी जिल्ह्यातल्या सोनोग्राफी मशीन्सना "सायलेंट ऑब्झर्व्हर" बसवायला लावले, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद त्या डबीत राहणार, आणि प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म, म्हणजे सोनोग्राफीच्या नोंदीचा कागद, ऑनलाइन भरायचा, कुठल्या सेंटरला आकडे विचित्र येतायत ते कचेरीत बसून दिसणार. रेडिओलॉजिस्टांची संघटना हायकोर्टात गेली, ऑगस्ट २०११ मध्ये कोर्टाने कलेक्टरांच्या बाजूने निकाल दिला. मला त्या माणसाचं आजही कौतुक वाटतं, कारण भाषण देऊन मोकळं न होता त्यांनी मशीनला हात घातला.

पण मग २०११ ला जिल्ह्याचा आकडा ८६३ आला, तो या डब्यांमुळे असं भाषणात सांगतात, ते काही खरं नाही. २०११ ला मोजलेली पोरं २००४ पासूनची, डबी बसली २०१० च्या आसपास. त्या ८६३ चं श्रेय आधीच्या वर्षांतल्या कडक झालेल्या कायद्याला, गावोगाव बोलत फिरलेल्या बायकांना, आणि कदाचित दोन मुलींवर ऑपरेशन करून घेणाऱ्या आयांनाही. त्या २०११ च्या फेब्रुवारीत मी जनगणनेच्या ड्युटीवर होते. एका घरी विचारलं मुलं किती, तर म्हातारी म्हणाली "मुलं न्हाईत, दोन पोरीच हायत". आतून सून बाहेर आली, म्हणाली, "बाई, दोन मुलं लिहा. आणि ऑपरेशन झालंय माझं." मी नुसतं लिहून घेतलं, पण तिचा तो आवाज मला फार मोठा वाटला.

आणि नजर ठेवण्याचा एक धोका पण आहे. कडक तपासण्यांच्या धाकाने काही डॉक्टर कायदेशीर गर्भपात करायलाही बिचकतात. १९७१ च्या कायद्याने बाईला दिलेला हक्क वेगळा आणि मुलगी म्हणून पाडणं वेगळं, हे दोन्ही एकात कालवलं की अडलेली बाई परत म्हैसाळसारख्या ठिकाणी जाते. लिंग बघणाऱ्याला पकडा, गरोदर बाईला चोरासारखं वागवू नका, एवढा विवेक राबवणाऱ्यांकडे हवा. आता तर पोर्टेबल मशीन गाडीत घालून फिरवतात, छाप्याच्या बातम्या येतात, डबी त्याला काय करणार.

धोरणाने गुन्हा घटतो की वाढतो याचं उदाहरण कोल्हापूरकराला चीनमध्ये शोधायला जायची गरज नाही. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, रोज हजेरी द्यायची, गाव सोडायचं नाही. शाहू महाराजांनी १९१८ ला आपल्या संस्थानात ती हजेरी बंद केली, फासेपारध्यांना आपल्याजवळ आणलं, राहायला जागा दिली, पहाऱ्याची कामं दिली. ज्यांना चोर म्हणत होते त्यांच्या हाती राखण. देशाने तो कायदा रद्द केला १९५२ ला. तसंच १९१९ ला त्यांनी बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, भारतीय दंड विधानात सासरच्या छळाचं कलम ४९८-अ यायला १९८३ उजाडलं. म्हणजे घरातला छळ हा सरकारने लक्ष घालायचा गुन्हा आहे हे या गादीला तेव्हा कळलं होतं.

आणि अलीकडचं बघायचं तर शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. २०२२ च्या मेमध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. राज्य सरकारने त्याच महिन्यात बाकी गावांना तसं करायला सांगितलं. एका गावाच्या ठरावाने राज्य हललं. आता मला गावोगावच्या सरपंचांना एवढंच म्हणायचंय की लग्नाळू पोरांसाठी वधू-वर मेळावे भरवता, चांगलंय, पण त्याच ग्रामसभेत गेल्या वर्षी गावात किती मुली जन्मल्या आणि किती मुलगे, हे फळ्यावर लिहा. जळगावने असे गुड्डा-गुड्डीचे बोर्ड लावले होते, त्याला पैसे लागत नाहीत. लहान गावात एका वर्षाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही हे कबूल, चार-पाच वर्षांचे ओळीने लिहा मग दिसेल. बारावीनंतर किती मुलींचं कॉलेज सुटलं तेही लिहा. राज्य सरकारच्या लेक लाडकी योजनेचे एक लाख एक हजार रुपये टप्प्याटप्प्याने मुलीच्या अठराव्या वर्षापर्यंत मिळतात, पिवळं-केशरी कार्ड असलेल्या घराला ते उपयोगी आहेत, पण एसटी वेळेवर आणि स्टॉपवर दिवा असेल तर ती मुलगी अठरापर्यंत शिकत राहील ना.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ ला होणार म्हणतात. तेव्हा ० ते ६ चा कोल्हापूरचा आकडा येईल तो २०२० नंतर जन्मलेल्यांचा असेल, डबी बसली, कायदे झाले, सोलापूरचा मोर्चा झाला, गावात तिशीची पोरं बघून सगळे हळहळले, त्या सगळ्यानंतरचा. म्हणजे ज्यांनी आपल्या थोरल्या दिराचं लग्न न जमताना पाहिलं त्या घरांनी स्वतःच्या दुसऱ्या खेपेला काय केलं ते त्यात दिसेल. मी पन्हाळ्याचा आकडा आधी बघणार आहे, आणि ज्या घरात पहिली मुलगी आहे तिथे दुसरं काय जन्मलं ते कोणी वेगळं काढून दिलं तर तो. त्यातच कळेल की फोनवर "नारळ आणि पोरगी" म्हणणाऱ्या आयांच्या धाकट्या सुनांना आता "चेक करून घे" असं कोणी सांगतंय का.